लिनक्स कर्नलमधला जुना केथ्रेड मोडून त्याचं काम वर्कक्यूवर कसं न्यायचं

जुना ड्रायव्हर उघडला की त्यात बहुतेकदा एक केथ्रेड_रन (कर्नलच्या आत ड्रायव्हरचा स्वतःचा थ्रेड, म्हणजे केथ्रेड, सुरू करणारी हाक) सापडतो, आणि त्या थ्रेडच्या लूपमध्ये ड्रायव्हरची मागची सगळी कामं एकाखाली एक कोंबलेली असतात. असा थ्रेड काढून वर्कक्यू (कामांची रांग, जिच्यातली कामं कर्नलचे सामायिक थ्रेड उरकतात) लावणं वरवर अर्ध्या दिवसाचं काम वाटतं. लूपच्या आतला कोड वर्क फंक्शनमध्ये हलवायचा, वेक_अप_प्रोसेस होतं तिथे क्यू_वर्क लिहायचं, झालं. कंपाइल होतं, चालतंही. मग एके दिवशी मेमरीची ओढाताण असताना मशीन लटकतं आणि कोणाला काही उमगत नाही.

याचं कारण असं की थ्रेड बऱ्याच गोष्टी न मागता देत असतो. एका वेळी एकच काम चालतं. आलेल्या क्रमानेच चालतं. मेमरी संपली तरी थ्रेड आधीच तयार असतो. थांबवायची जागा एकच असते. वर्कक्यूत यातली प्रत्येक हमी वेगळी मागून घ्यावी लागते. म्हणून हे काम कोडपासून सुरू करू नका. थ्रेड काय काय देत होता याच्या यादीपासून सुरू करा.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एक नमुना धरू: एका स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर, त्यात एक केथ्रेड, त्याची कामं तीन. इंटरप्टने यादीत टाकलेल्या पूर्ण झालेल्या रिक्वेस्ट पुढे पाठवणं. दर सेकंदाला स्टेटस रजिस्टर वाचून कंट्रोलर जिवंत आहे का पाहणं. आणि अडकला असेल तर रिसेट करणं.

आधी ठरवा: मोडायचाच आहे का?

सगळे थ्रेड मोडण्याजोगे नसतात. ज्याला ठरावीक रिअल-टाइम प्राधान्य लागतं, त्याला सामायिक केवर्करवर (वर्कक्यूची कामं करणाऱ्या कर्नलच्या थ्रेडवर) नेऊ नका. तिथे केथ्रेड_वर्कर वापरा. काम सोपवायची पद्धत वर्कक्यूसारखीच, पण मागे थ्रेड तुमचा स्वतःचा, त्यामुळे त्याला शेड_सेट_फिफो लावता येतं. कर्नलमधला एसपीआयचा मेसेज पंप याच पद्धतीने चालतो. काम फक्त इंटरप्टचं उरलेलं शेपूट असेल तर रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू पुरतं. वेगळी रांग कशाला? प्रत्येक सीपीयूवर एकेक थ्रेड हवाच असेल आणि सीपीयू बंद-चालू झाल्यावर तो नीट थांबून पुन्हा उठायला हवा असेल, तर स्मपबूटची यंत्रणा आहे. केसॉफ्टआयआरक्यूडी तिच्यावरच चालतो.

थ्रेड ठेवायचं ठरलं तरी त्याचा लूप एकदा तपासून घ्या. झोपायच्या आधी सेट_करंट_स्टेट आधी आणि अट नंतर, हाच क्रम हवा. अट तपासली, मग अवस्था बदलली, आणि मधल्या क्षणात कोणी जागं करून गेलं, तर ती हाक वाया जाते आणि थ्रेड झोपूनच राहतो. दुसरी खोच: थ्रेड तयार झाला पण एकदाही धावायच्या आत केथ्रेड_स्टॉप आला, तर थ्रेडचं फंक्शन मुळीच बोलावलं जात नाही. साफसफाई त्या फंक्शनच्या शेवटी लिहिली असेल तर ती होत नाही.

कर्नलमधलं या विषयावरचं सगळ्यात शिकवणारं उदाहरण म्हणजे डर्टी पानं (बदललेली, पण डिस्कवर अजून न उतरलेली मेमरी) डिस्कवर लिहिणारे थ्रेड. पूर्वी पीडीफ्लश नावाचे 2 ते 8 थ्रेड सगळ्या मशीनचं लिखाण सांभाळत. एका मंद डिस्कच्या रांगेत थ्रेड अडकला की दुसऱ्या डिस्कचं कामही खोळंबायचं. 2.6.32 मध्ये जेन्स अ‍ॅक्सबो यांनी प्रत्येक बॅकिंग डिव्हाइसला स्वतःचा फ्लशर दिला. पुढे 3.10 मध्ये तेजुन हिओ यांनी ते स्वतंत्र थ्रेड काढून तेच काम वर्कक्यूवर नेलं. या दोन टप्प्यांचा क्रम लक्षात ठेवा. आधी कोणतं काम कोणाचं हे वेगळं केलं, थ्रेड नंतर काढले. आपल्यालाही त्याच क्रमाने जायचं आहे.

थ्रेडची झडती

थ्रेडचं फंक्शन आणि ते ज्यांना बोलावतं ती सगळी फंक्शनं वाचून पुढच्या गोष्टी लिहून काढा.

सुरुवात करा लूपबाहेर जाहीर केलेल्या लोकल व्हेरिएबलपासून. किती वेळा प्रयत्न फसला याची मोजदाद, मागचं स्टेटस, शेवटच्या तपासणीची वेळ: हे सगळं थ्रेडच्या स्टॅकवर एका फेरीतून दुसऱ्या फेरीत टिकत होतं. वर्क फंक्शन दर वेळी कोऱ्या पाटीने सुरू होतं. ही व्हेरिएबलं डिव्हाइसच्या स्ट्रक्टमध्ये गेली पाहिजेत.

मग स्ट्रक्टमधली अशी फील्ड शोधा, ज्यांना हात फक्त हा थ्रेडच लावत होता. त्यांच्याभोवती लॉक नसणार, कारण गरजच नव्हती. तीन कामं तीन वर्क आयटम झाली की ती एकाच क्षणी वेगवेगळ्या सीपीयूवर चालू शकतात आणि या बिनलॉकच्या फील्डवर शर्यत लागते. या झडतीतलं सगळ्यात मोलाचं पान हेच. प्रत्येक फील्डपुढे लिहा: आता हे कोण कोण वाचतं, कोण लिहितं, कोणत्या लॉकखाली.

सेट_यूजर_नाइस, शेड_सेट_फिफो आणि केथ्रेड_बाइंड हे प्राधान्याचे आणि सीपीयूचे निर्णय असतात. ते खरंच हवे होते की कोणीतरी सवयीने लिहिले होते, हे जुन्या कमिटचा संदेश वाचून ठरवा. अलाउ_सिग्नल असेल तर थांबा: यूजरस्पेसमधून कोणीतरी या थ्रेडला सिग्नल पाठवत असेल, आणि केवर्करला तसा सिग्नल पाठवता येत नाही. ती सोय बाहेरचं कोणी वापरत असेल तर आधी तिला पर्याय द्या.

मेमअलॉक_नोआयओ_सेव्ह (मेमरी मागताना आयओ सुरू करू नका असं सांगणारा) किंवा तसलाच झेंडा थ्रेडच्या सुरुवातीला एकदा लावून कधीच उतरवलेला नसतो, असं बऱ्याचदा दिसतं. स्वतःच्या थ्रेडमध्ये ते चालून जातं. केवर्कर मात्र आत्ता तुमचं काम करतो आणि पुढच्या क्षणी दुसऱ्याच कोणाचं. झेंडा उतरवला नाही तर त्या परक्या कामाचं मेमरी मागणं बदलून जातं. सेव्ह आणि रिस्टोर दोन्ही वर्क फंक्शनच्या आतच व्हायला हवेत, आणि चूक झाल्यावर मधूनच परतणाऱ्या वाटांवरसुद्धा. लॉक किंवा आरसीयूचा (लॉकशिवाय वाचू देणाऱ्या यंत्रणेचा) रीड सेक्शन सोडायचा राहिला तर वर्कक्यू स्वतःच ओरडते. हा झेंडा राहिला तर ती काहीच बोलत नाही.

रांग निवडणं

2.6.36 पासून वर्कक्यू म्हणजे स्वतःचा थ्रेड राहिलेला नाही. प्रत्येक सीपीयूला केवर्करचे दोन साठे असतात, एक साधा आणि एक वरच्या प्राधान्याचा. शिवाय कोणत्याच सीपीयूला न बांधलेले वेगळे साठे. तुमची वर्कक्यू म्हणजे या साठ्यांकडे जाणारं दार, आणि दारावर तुम्ही लावलेले नियम.

सीपीयूला बांधलेल्या साठ्याचा स्वभाव नीट समजून घ्या. क्यू_वर्क ज्या सीपीयूवरून बोलावलं, काम शक्यतो त्याच सीपीयूवर चालतं. एका वेळी एकच केवर्कर पळतो, तो झोपला की मगच दुसरा उठतो. म्हणजे तुमचं वर्क फंक्शन न झोपता बराच वेळ सीपीयू घेऊन बसलं, तर त्या सीपीयूवरची दुसऱ्यांचीही कामं थांबतात. जुन्या थ्रेडला शेड्युलर उचलून रिकाम्या सीपीयूवर नेत होता, इथे कोणी नेत नाही. लांब चालणाऱ्या कामाला डब्ल्यूक्यू_अनबाउंड लावा. 6.5 पासून 10 मिलिसेकंदांहून जास्त सीपीयू धरणारं काम कर्नल स्वतः ओळखून बाजूला काढतं, आणि तशी सोय चालू असेल तर लॉगमध्ये फंक्शनचं नाव घेऊन अनबाउंड करा असं सुचवतंही. लॉगमधली ती ओळ दुर्लक्षू नका.

आता डब्ल्यूक्यू_मेम_रीक्लेम. स्टोरेजच्या वाटेवर हा झेंडा नसेल तर काय होतं ते सावकाश पाहू. मेमरी संपत आली. कर्नलला डर्टी पानं डिस्कवर लिहून जागा मोकळी करायची आहे. ते लिखाण पूर्ण झालं हे कळायला आपलं वर्क चालायला हवं. साठ्यातले सगळे केवर्कर कुठे ना कुठे अडकलेले, म्हणून नवा हवा. नव्या थ्रेडला टास्क स्ट्रक्ट हवा, स्टॅक हवा (एक्स86 च्या 64 बिटांवर तो एकटाच 16 केबी), म्हणजे पुन्हा मेमरी. ती मिळणार लिखाण पूर्ण झाल्यावर. गाठ बसली.

डब्ल्यूक्यू_मेम_रीक्लेम लावला की वर्कक्यू तयार होतानाच तिच्यासाठी एक राखीव थ्रेड बनतो. त्याला रेस्क्यूअर म्हणतात. नवा केवर्कर सुमारे 10 मिलिसेकंदांत बनला नाही तर रेस्क्यूअरला हाक जाते. पण तो एका रांगेला एकच असतो, त्यामुळे टंचाईत त्या रांगेची कामं एकेक करूनच होतात. यातून दोन नियम निघतात. एकमेकांची वाट पाहणारी दोन कामं एकाच रांगेत नकोत. आणि या रांगेतल्या कामाने हा झेंडा नसलेल्या रांगेच्या फ्लशची (आधी टाकलेली कामं संपण्याची) वाट पाहायची नाही. तसं केलंत तर कर्नल दोन्ही रांगांची नावं घेऊन इशारा छापतं. आत मेमरी मागताना जीएफपी_नोआयओ वापरा, नाहीतर रेस्क्यूअर असूनही त्याच गाठीत सापडाल.

क्रम हवा असेल तर अलॉक_ऑर्डर्ड_वर्कक्यू: एका वेळी एक काम, आलेल्या क्रमाने. जुन्या थ्रेडच्या सगळ्यात जवळची वागणूक हीच, म्हणून पहिल्या पॅचमध्ये हीच घ्या. समांतर चालवायचा मोह नंतरच्या पॅचसाठी ठेवा. मॅक्स_अ‍ॅक्टिव्ह 1 देऊन साध्या अलॉक_वर्कक्यूने क्रम मिळेल या भरवशावर राहू नका. सीपीयूला बांधलेल्या रांगेत ती मर्यादा दर सीपीयूची असते, सबंध मशीनची नाही.

डब्ल्यूक्यू_फ्रीझेबल (मशीन झोपताना रांग गोठवणारा झेंडा) लावताना हात आखडता घ्या. जुन्या लूपमध्ये ट्राय_टू_फ्रीझ होतं म्हणून इथेही झेंडा हवाच असं नाही. वर सांगितलेल्या फ्लशरच्या वर्कक्यूवरही तो होता. थंडरबोल्टने जोडलेली एनव्हीएमई डिस्क मशीन झोपलेलं असताना उपटली, तर जागं होताना ती डिस्क काढणारा कोड त्या रांगेच्या फ्लशची वाट पाहत बसायचा; रांग गोठलेली, आणि ती सुटणार डिव्हाइस जागे झाल्यावर. मशीन उठायचंच नाही. 2019 मध्ये तो झेंडा काढून टाकावा लागला. सस्पेंडच्या वेळी काम थांबवायचं असेल तर ड्रायव्हरच्या स्वतःच्या सस्पेंड फंक्शनमध्ये थांबवा.

लूप फोडणं

पॅच एकच मोठा करू नका. पहिल्यात लूपमधली तीन कामं तीन फंक्शनांत काढा, थ्रेड तसाच राहू द्या, वागणूक काडीचीही बदलायची नाही. दुसऱ्यात फक्त तब्येत-तपासणी डिलेड वर्कवर (मुदत संपल्यावर सुरू होणाऱ्या वर्कवर) न्या. तिसऱ्यात रिसेट. चौथ्यात रिक्वेस्ट. पाचव्यात रिकामा झालेला थ्रेड काढा. उद्या कोणाला गिट बायसेक्ट करावं लागलं तर नेमकी पायरी सापडेल. लॉक वाढवायचे असतील तर ते पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये, वेगळ्या पॅचमध्ये.

रिक्वेस्टचं वर्क लिहिताना पेंडिंग बिटचा (काम रांगेत उभं आहे या खुणेचा) हिशोब डोळ्यांपुढे ठेवा. काम रांगेत उभं असताना क्यू_वर्क पुन्हा बोलावलं तर ते फॉल्स परत करतं आणि दुसरं काही करत नाही. वर्क फंक्शन सुरू होण्याच्या जरा आधी बिट उतरतो, म्हणून फंक्शन चालू असताना आलेली हाक वाया जात नाही. त्यासाठी आणखी एक फेरी होते. एकच वर्क आयटम एकाच वेळी दोन सीपीयूवर चालत नाही, याचीही हमी आहे.

आता चूक कशी घडते ते पाहा. तीन इंटरप्ट पाठोपाठ आले. यादीत तीन रिक्वेस्ट, क्यू_वर्क तीनदा, पण फेरी एकच. वर्क फंक्शनने यादीतली एकच रिक्वेस्ट उचलली, कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यात एक हाक म्हणजे एक काम असं होतं. उरलेल्या दोन तिथेच बसल्या. भरपूर लोडखाली हे दिसतच नाही, कारण पुढचा इंटरप्ट लगेच येतो आणि मागचं ढकलतो. लोड थांबला की शेवटच्या एक-दोन रिक्वेस्ट अडकतात आणि ब्लॉक लेयरच्या नेहमीच्या 30 सेकंदांच्या टाइमआउटनंतर कंट्रोलरच बिघडल्याची तक्रार लॉगमध्ये येते. हार्डवेअर निर्दोष असतं. चाचणी संपताना 30 सेकंदांचा थांबा दिसला तर आधी इकडे पाहा.

म्हणून वर्क फंक्शनने यादी रिकामी होईपर्यंत चालायचं. लॉक घ्या, सबंध यादी स्थानिक यादीत ओतून घ्या, लॉक सोडा, मग सावकाश एकेक पुढे पाठवा. यादी कधी संपतच नसेल तर बजेट लावा: समजा 64 रिक्वेस्ट झाल्या की राहिलेल्या परत मूळ यादीच्या पुढच्या टोकाला जोडून स्वतःलाच क्यू_वर्क करून परता. त्याने रांगेतल्या इतरांना पाळी मिळते.

तब्येत-तपासणीसाठी इनिट_डिलेड_वर्क, आणि फंक्शनच्या शेवटी स्वतःला पुन्हा रांगेत लावणं. मुदत द्यायला राउंड_जिफीज_रिलेटिव्ह वापरलं की सेकंदाच्या हद्दीवर इतर टायमरांबरोबरच सीपीयू जागा होतो. डिफरेबल प्रकार इथे घेऊ नका: निवांत पडलेला सीपीयू तो उठवत नाही, आणि अडकलेला कंट्रोलर शोधायचं काम तेवढं लांबवणं परवडत नाही. मुदत बदलायची असेल तेव्हा मॉड_डिलेड_वर्क. क्यू_डिलेड_वर्क आधीच उभ्या असलेल्या कामाची मुदत बदलत नाही. हे दोन्ही एकसारखेच समजून झालेल्या चुका पुष्कळ आहेत.

रिसेटची गाठ

सगळ्यात महाग चूक इथे होते. जुन्या थ्रेडमध्ये रिक्वेस्ट हाताळताना चूक सापडली की तिथल्या तिथे रिसेटचं फंक्शन बोलावलं जायचं आणि ते परतल्यावर पुढचं काम. रूपांतर करणारा रिसेटला वर्क बनवतो, त्याच ऑर्डर्ड रांगेत लावतो आणि वेट_फॉर_कम्प्लीशनवर थांबतो. रिसेट रांगेत याच्याच मागे उभा. हा उठल्याशिवाय तो सुरू होणार नाही, तो संपल्याशिवाय हा उठणार नाही. 120 सेकंदांनी हंग टास्कची सूचना येते आणि केवर्करचा स्टॅक पाहिला तर वर वेट_फॉर_कम्प्लीशन दिसतो.

उपाय दोन, आणि दोन्ही लागतात. रिसेटला स्वतःची रांग द्या, तिच्यावरही डब्ल्यूक्यू_मेम_रीक्लेम हवा. आणि रिक्वेस्टच्या वर्कने रिसेटची वाट कधीच पाहायची नाही: एक झेंडा लावायचा, रिसेट रांगेत टाकायचा, हातातली रिक्वेस्ट परत यादीत ठेवायची आणि परतायचं. थांबायचा हक्क फक्त रिसेटला. तो आधी रिक्वेस्टचं वर्क कॅन्सल_वर्क_सिंकने थांबवतो, कंट्रोलर पुन्हा उभा करतो, झेंडा उतरवतो आणि शेवटी रिक्वेस्टचं वर्क स्वतः पुन्हा रांगेत टाकतो. ही शेवटची ओळ विसरलात तर यादीतल्या रिक्वेस्ट पुढच्या इंटरप्टपर्यंत तशाच पडून राहतात.

कर्नलच्या एनव्हीएमई ड्रायव्हरमध्ये हीच रचना तीन मजल्यांची आहे: सर्वसाधारण कामांची एक रांग, रिसेटची दुसरी, कंट्रोलर काढून टाकण्याची तिसरी. रिसेट पहिल्या रांगेतल्या कामांचा फ्लश करतो, काढून टाकणारं काम रिसेटचा. वाट पाहण्याची दिशा कायम एकच. तुमच्या ड्रायव्हरसाठी कागदावर असे बाण काढा. कुठे वर्तुळ बनलं तर कोड लिहू नका.

तब्येत-तपासणी कोणत्या रांगेत? रिक्वेस्टच्या रांगेत तर मुळीच नाही. जे अडकलं आहे का हे पाहायचं, त्याच्याच मागे तपासणीला उभं केलं तर ती नेमक्या गरजेच्या वेळी चालणार नाही. रिसेटच्या रांगेत ठेवा. तीही ऑर्डर्ड असेल तर रिसेट चालू असताना तपासणी आपोआप थांबते, आणि ते आपल्याला हवंच आहे. तपासणीने रिसेट फक्त रांगेत टाकायचा, वाट पाहायची नाही.

थांबवणं

केथ्रेड_स्टॉप एकटं सगळं करत होतं. आता क्रम तुम्हाला लावायचा आहे.

आधी नवं काम येण्याच्या वाटा बंद करा: डिव्हाइस आता काढलं जात आहे असा झेंडा, इंटरप्टसाठी फ्री_आयआरक्यू, टायमर असेल तर टायमर_शटडाउन_सिंक. मग तपासणी, मग रिसेट, मग रिक्वेस्टचं वर्क, या क्रमाने सिंकवाल्या फंक्शनांनी रद्द करा. मग डिस्ट्रॉय_वर्कक्यू. केफ्री सगळ्यात शेवटी.

मधे एक वर्तुळ दडलेलं आहे. तपासणी रिसेटला रांगेत टाकते, आणि रिसेट संपताना तपासणी पुन्हा सुरू करतो. तपासणी रद्द केलीत, तेवढ्यात चालू असलेला रिसेट तिला परत उभी करतो. तुम्ही रिसेट रद्द करून पुढे जाता, आणि सेकंदाने तपासणी मोकळ्या केलेल्या मेमरीवर चालते. 6.10 पासून डिसेबल_वर्क_सिंक आणि डिसेबल_डिलेड_वर्क_सिंक आहेत: काम थांबतं आणि पुन्हा रांगेत टाकायचा प्रत्येक प्रयत्न निष्फळ ठरतो. त्याआधीच्या कर्नलवर प्रत्येक क्यू_वर्कच्या आधी स्पिनलॉकखाली तो डिव्हाइसचा झेंडा तपासा. लॉकशिवाय तपासलात तर तपासणं आणि टाकणं यांच्यामध्ये फट राहते.

वर्क फंक्शन जो म्यूटेक्स घेतं, तो हातात धरून कॅन्सल_वर्क_सिंक बोलावू नका. रिमूव्ह फंक्शनमध्ये हे सहज घडतं, कारण सुरुवातीलाच डिव्हाइसचा म्यूटेक्स घेतलेला असतो.

सिस्टीमच्या सामायिक रांगेवर काम टाकलं असेल तर आपला प्रत्येक वर्क आयटम नावाने रद्द करा. सबंध सामायिक रांग फ्लश करणं म्हणजे परक्यांच्या कामांची वाट पाहणं. त्यातल्या एखाद्याला तुमच्याच हातातला लॉक हवा असू शकतो.

चाचणी

डीबग कर्नल बांधताना प्रूव्ह_लॉकिंग, डीबग_ऑब्जेक्ट्स_वर्क, डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप, केएसॅन आणि डब्ल्यूक्यू_वॉचडॉग चालू ठेवा. वर्कक्यूंना लॉकडेपच्या (लॉकच्या क्रमावर नजर ठेवणाऱ्या तपासनीसाच्या) खुणा जोडलेल्या असतात, त्यामुळे वर सांगितलेली म्यूटेक्सची गाठ प्रत्यक्ष बसली नाही तरी त्या वाटेवरून एकदा गेलं की इशारा मिळतो. वॉचडॉग साठा 30 सेकंद पुढे सरकला नाही की वर्कक्यू लॉकअप म्हणून तक्रार छापतो.

मग चार छळ. डिस्कवर आयओ चालू ठेवून मॉड्यूल काढणं-घालणं शेकडो वेळा. आयओ चालू असताना सीपीयू एकेक करून बंद-चालू. बूट करताना मेमरी 1 जीबीपुरती मर्यादित करून, स्वॅप याच डिस्कवर ठेवून, मेमरी भरणारा प्रोग्राम. मेम_रीक्लेमचा झेंडा विसरला असाल तर इथे कळतं. आणि आयओ सुरू असताना मुद्दाम रिसेट. जमलं तर वर्कक्यू.डीबग_फोर्स_आरआर_सीपीयू हा बूट पर्याय देऊन हे सगळं पुन्हा करा. तो कामं आळीपाळीने वेगवेगळ्या सीपीयूवर टाकतो, आणि ज्या सीपीयूवरून टाकलं तिथेच चालेल असं कुठे गृहीत धरलं असेल तर ते उघडं पडतं.

काही अडलं तर ट्रेसिंगमधले दोन इव्हेंट पुरेसे होतात: वर्कक्यू_क्यू_वर्क आणि वर्कक्यू_एक्झिक्यूट_स्टार्ट. रांगेत टाकल्याची नोंद आहे पण सुरू झाल्याची नाही, तर रांग अडली आहे. टाकल्याचीच नोंद नाही, तर चूक तुमच्या हाकेत आहे. सिसआरक्यूचा टी दाबला की सगळ्या वर्कक्यूंची अवस्था लॉगमध्ये उतरते.

ड्रायव्हर वापरणाऱ्यांना तीन बदल जाणवतील, ते कमिटच्या संदेशात लिहून ठेवा. टॉपमध्ये थ्रेडचं ओळखीचं नाव आता दिसणार नाही. केवर्करच्या नावापुढे रांगेचं नाव दिसेल, काम चालू असेल तर आधी अधिकचं चिन्ह, नुकतं झालेलं असेल तर वजाचं. पीआयडी शोधून टास्कसेट लावणारी स्क्रिप्ट कोणी लिहिली असेल तर ती मोडेल: सीपीयूला बांधलेले केवर्कर हलवता येत नाहीत, आणि अनबाउंड कामांचे सीपीयू सिसएफएसमधल्या वर्कक्यूच्या सीपीयूमास्कने ठरतात. आणि जुना थ्रेड टास्क_अनइंटरप्टिबलमध्ये झोपत असेल तर निवांत मशीनचाही लोड अ‍ॅव्हरेज तो 1 ने फुगवत होता. रिकामे केवर्कर टास्क_आयडलमध्ये झोपतात आणि मोजले जात नाहीत, म्हणून नवं कर्नल चढवल्यावर आलेखात लोड बरोबर 1 ने खाली आलेला दिसेल.